अख्खी गोळी, जेवणासोबत

घरात एक आजारी माणूस असलं की दोन गोष्टी जमा होत जातात: रिपोर्ट आणि किस्से. रिपोर्ट मी तारखेप्रमाणे फाईलला लावते. किस्से कुठेच लावता येत नाहीत. मग ते भाजी निवडताना, मुलीला भरवताना, कधीही आठवतात आणि मी एकटीच हसत बसते.

आमचं घर टेमघरला, दुसऱ्या मजल्यावर. नवरा कशेळीच्या गोडाऊनमध्ये शिफ्ट ड्युटीला. मुलगी चिऊ अडीच वर्षांची. आणि सासूबाई, म्हणजे आई. आईंच्या गळ्यात थायरॉईडच्या मागे तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी आहेत (तुमच्याही आहेत, घाबरू नका). त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. आईंची त्यातली एक भलतीच कामसू निघाली. हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओतत बसते. दोनदा मूतखडा झाला, तेव्हा कळलं. ऑपरेशन हाच खरा इलाज, पण हृदय अशक्त म्हणून डॉक्टर म्हणाले, "सध्या गोळीवर ठेवू. पण ती नीट घ्यावी लागेल. कॅल्शियम फार खाली गेलं तर हृदयालाच त्रास."

मग त्यांनी विचारलं, "घरात शिकलेलं कोण आहे?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बीएस्सी आहे, खरं आहे. पण गरोदरपणात स्वतःच्या लोहाच्या गोळ्या आठवणीने घेता न आलेली बाई मी. हे मी तिथे बोलले नाही.

*

आईंना "हाडांचं काहीतरी" झालंय, ही बातमी नातेवाइकांत पसरली आणि घरात कॅल्शियमचा पूर आला. नाचणीचे लाडू, तिळाचे लाडू, सुक्या मच्छीची पिशवी. नणंद तर मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्यांचे दोन डबेच घेऊन आली.

मी समजावलं, "ताई, रक्तात आधीच जास्त आहे. जेवण नेहमीचं चालेल, पण या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही."

"अगं पण हाडं ठिसूळ झाल्यात ना?"

"हो."

"म्हणजे कॅल्शियम कमी."

"नाही. जास्त."

नणंदेने आईंकडे वळून हळू आवाजात विचारलं, "ही किती शिकलेय म्हणालीस?"

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी भाकऱ्या थापत होते आणि बाहेरून कट्ट असा आवाज आला. आईंचा सुपारीचा अडकित्ता. मग पुन्हा कट्ट. जेवायच्या आधी सुपारी कशाला, म्हणून बघायला गेले, तर अडकित्त्यात गोळी.

"आई, ती अख्खी गिळायची आहे! तोडायची नाही, चावायची नाही."

"घशान अडकते."

"तोडल्यावर अंगात किती जाईल त्याचा अंदाज राहत नाही."

"दोन तुकडं केलं तर दोन्ही माझ्याच पोटान जातान ना? का एक तुझ्या पोटान जाल?"

मी केमिस्टला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "मावशी, अख्खीच घ्या. भरपूर पाण्याबरोबर." आईंनी लगेच मान डोलावली. मी तेच तीनदा सांगितलं होतं, पण मी दुकानात बसत नाही ना.

*

गोळी रिकाम्या पोटी घेतली की उलटी होते, म्हणून ती जेवणासोबतच. आणि सोमवारी आईंचा उपास. "उपासाचं खाणं" हे जेवणात धरायचं का, यावर मी रविवारी अर्धा दिवस घालवला. शेवटी सोमवारी सकाळी क्लिनिक उघडताच फोन केला.

डॉक्टरांनी विचारलं, "उपासाला खातात काय?"

मी प्रामाणिकपणे यादी सांगितली. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, दोन केळी, आणि चारला परत खिचडी.

डॉक्टरांनी यादी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"ताई, गोळी द्या त्यांना. आणि हा उपास नक्की कोण करतंय?"

*

गोळी दिली की नाही हे मला दर वेळी पाच मिनिटांत आठवेनासं होतं. विसरलेला डोस राहू द्यायचा, पुढच्या वेळी दोन एकदम द्यायच्या नाहीत, एवढं डॉक्टरांनी बजावलेलं. पण विसरला आहे की नाही, हेच कळत नसेल तर? म्हणून मी फ्रिजवर तक्ता लावला. सकाळ-संध्याकाळ दोन चौकोन. गोळी दिली की बरोबरची खूण.

चौथ्या दिवशी चिऊच्या हाती जांभळा खडू लागला. तिने महिनाभराचे चौकोन भरून टाकले. उरलेल्या खुणा फ्रिजवर काढल्या.

मी डोकं धरून बसले. आई चष्मा लावून तक्ता वाचत होत्या.

"अमावास्येपर्यंतच्या झाल्या की घेऊन. आता मना सुट्टी."

आता तक्ता चिऊच्या हाताच्या वर लावलाय. इतका वर, की मलाच स्टुलावर चढावं लागतं. स्टूल आणायला गेले की कशासाठी आणायला आले ते विसरते.

*

कॅल्शियम खाली गेलं की ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात. तसं काही झालं तर लगेच कळवायचं. हे ऐकल्यापासून मी आईंना उठता-बसता विचारायची, "मुंग्या येतायत का?" आई म्हणायच्या, "न्हाय. पन तू इचारतेस तवा येवाला लागतान."

एका दुपारी मी अळूचं फदफदं केलं होतं. तिसऱ्या घासाला आईंनी हात थांबवला. ओठांवर बोट फिरवलं. म्हणाल्या, "काहीतरी होतंय. चुरचुरतंय."

झालं. मी ताट बाजूला सारलं, फाईल काढली, डॉक्टरांना फोन लावला, नवऱ्याला ओरडून सांगितलं, "रिक्षा बघा, कॅल्शियम गेलं." तो त्या दिवशी सेकंड शिफ्टला जायचा होता, जेवतच होता. शांतपणे म्हणाला, "माझं पण गेलं वाटतं. जीभ चुरचुरतेय."

मग माझ्या लक्षात आलं, माझाही घसा खवखवत होता. म्हटलं, टेन्शनने असेल.

आईंनी पातेल्यात डोकावून बघितलं. "चिंच घातलीस?"

फोन डॉक्टरांना लागला होता. पलीकडून हॅलो, हॅलो चाललं होतं. मी तो कट केला. आयुष्यात इतक्या हळूच फोन कधी ठेवला नव्हता.

*

आणि ही आजचीच गोष्ट.

संध्याकाळची गोळी द्यायला पट्टी काढली. आठ गोळ्या हव्यात, निघाल्या सहा. पुन्हा मोजल्या. सहाच. दोन जास्तीच्या पोटात गेल्या असतील तर? मी आईंचे हात ओढून बोटं दाबली, ओठ बघितले, नाडी धरली. नाडी मला सापडत नाही, तरी धरली.

"आई, आज किती गोळ्या घेतल्या? खरं सांगा."

"एक. सकाली."

"मग दोन कुठे गेल्या?"

"त्या व्हय. त्या शबानाला धाडल्या."

शबाना भाभी खालच्या मजल्यावर राहतात. दुपारी त्यांनी फिरनीचा डबा पाठवला होता.

"रिकामा डबा कसा धाडाचा? घरान काय नव्हता. आनि तिचं गुडघं दुखतान."

मी चिऊला कडेवर घेतलं आणि एकाच पायात चप्पल घालून खाली पळाले. भाभी कणीक मळत होत्या. मी दारातूनच विचारलं, "भाभी, डिब्बे में गोली थी, खा ली क्या?"

"नहीं बाबा. रोटी के बाद खाने वाली थी." फ्रिजवरून त्यांनी पट्टीचा तुकडा काढून दिला. दोन्ही गोळ्या जागेवर.

मी तिथेच पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. ही गोळी कॅल्शियम खाली आणते, ज्याचं बरोबर आहे त्याने घेतली तर हातपाय वळतील, हृदयाचे ठोके चुकतील. एकाच्या नावाची दवा दुसऱ्याने कधीच खायची नाही, कितीही मायेने दिली तरी. भाभी डोळे मोठे करून ऐकत होत्या. प्रत्येक वाक्याला "बिल्कुल सही" म्हणत होत्या. मला वाटलं, चला, आपल्यालाही कुणाला काही समजावता येतं.

वर आले, आईंना जेवायला वाढलं, जेवणासोबत अख्खी गोळी दिली. तेवढ्यात बेल. दारात भाभी, हातात तोच डबा.

"अम्मा ने इतने प्यार से भेजा था, वापस कर दिया, तो मुझे अच्छा नहीं लगा."

डबा उघडला. आत चार कॅप्सूल.

"भाभी, अभी तो बोला ना मैंने, किसी की दवा..."

"हाँ हाँ, दवा का मना किया आपने. ये दवा थोड़ी है. गैस की है."

कॅप्सूल मी तिथल्या तिथे त्यांच्या हातात परत दिल्या. डबा मात्र त्यांनी घेतला नाही. "रहने दो, कल ले लूँगी," म्हणत जिना उतरल्या.

डबा आता आमच्या ओट्यावर आहे. घासलेला, रिकामा. आई मघापासून औषधांच्या कपाटाकडे बघतायत.