नव्या खेळात थांबायचं बटण नाही

"तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे," असं खेळवाल्या कंपनीच्या साइटवर लिहिलं होतं आणि त्याच्याखाली एवढीशी चौकट. मी लिहायला बसलो तर निम्मं सांगून होत नाही तोच चौकट भरली. पुढचं अक्षर उमटेना. वा रे वा! मत पाहिजे, पण बेतानं पाहिजे. म्हणून उरलेलं इथं लिहून राह्यलो. डोकं थंड झाल्यावर लिहा, असं बायकोनं बजावलं होतं. ते काही झालं नाही.

खेळ जुना, कॉम्प्युटरवर राज्य उभारायचा. आपली माणसं लाकूड तोडतात, शेत पिकवतात, गढी बांधतात, आणि मग हत्ती-घोडे घेऊन शेजारच्या राज्यावर चालून जायचं. शेजारचं राज्य म्हणजे शेजारच्या खुर्चीवर बसलेला दोस्त. वणीला बसस्टँडच्या मागे एक सायबर कॅफे होता. कोळशाच्या ट्रकांची धूळ त्याच्या की-बोर्डात इतकी जायची की बटणं करकर वाजायची. कॉलेजात असताना आम्ही चौघं तिथंच पडीक. आता एकजण उमरखेडला बी-बियाण्याचं दुकान चालवतो, एक पुण्यात नोकरीला आहे, आणि मी इथंच मोबाईल दुरुस्त करतो. चौथा खाणीवर डंपर चालवायचा. ही सगळी कटकट त्या चौथ्यासाठी आहे.

आमच्यात तोच सगळ्यात भारी. त्याची गढी कोणाला फोडता आली नाही. पण माणूस खानदानी. आमच्याकडे एक कायदा होता आणि तो त्यानंच लावलेला. कोणी "थांब बे" म्हटलं की खेळ तिथंच थांबवायचा आणि सगळ्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे, म्हणजे चोरून कोणाला हुकूम सोडता येऊ नये. चहा आला, थांब बे. लाइट फडफडले, थांब बे. घरून बोलावणं आलं, थांब बे. चौघं डोक्यावर हात ठेवून बसलेले पाहिले की कॅफेवाले काका विचारायचे, "काय बे, पोलिसानं धरलं काय?" जुन्या खेळात ते थांबायचं बटण सगळ्यांना होतं, आणि पाहिजे तितक्या वेळा होतं. खेळ हळू चालवायचीही सोय होती. नवीन कोणी शिकायला आला की आम्ही तो बैलगाडीसारखा हळू चालवायचो.

मागच्या वर्षी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली. डंपर सुटला, जीभ जड झाली. व्यायामानं हात थोडा हलायला लागला, पण माणूस बसला तो बसलाच. मी गेलो की वहिनी दारातच सांगायची, "भाऊजी, दिवसभर भिंतीकडे तोंड करून राह्यते. टीव्ही लावला तं बंद कर म्हणते. पोरीशी बोलत नाही. मले भेव वाटते." मी आत जाऊन गावभरच्या गप्पा हाणायचो आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

मग बातमी आली की आपला खेळ नव्यानं बनवून राह्यले. मी सहज त्याच्या कानावर घातली. त्यानं मान वळवली. बराच वेळ तोंडाची जुळवाजुळव केली आणि म्हणाला, "चौघं... खेळू?" लकवा मारल्यापासून त्यानं स्वतःहून काही मागितलं असेल तर ते एवढंच. वहिनी ओट्यापाशी उभी होती, तिनं पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, "खेळू ना बे! काहून नाही खेळणार?"

अन् मग तो खेळ आला. बाप्पा!

रंग इतके भडक की आपलं सैन्य कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं, तेच कळत नाही. झाडांच्या सावल्या एवढ्या लांब की लाकूड तोडणारा माणूस सावलीत हरवतो. पूर्वी त्याला हुकूम दिला की तो "हूं" म्हणायचा, आळशी माणसासारखा. आता छान, स्वच्छ, रेडिओतल्यासारखा बोलतो. ते "हूं" कायले काढलं? एकाच खोलीतल्या दोघांना खेळायचं तरी आधी इंटरनेटवरून कंपनीच्या दारात हजेरी लावा. आमच्याकडे रस्ता खोदला की केबल तुटते, त्याचं काय? आणि कमाई केली की एक पेटी मिळते. मी मोठ्या आशेनं उघडली. आत हत्तीची टोपी! अरे, हत्तीला टोपी कोणी मागितली होती?

हे सगळं मी गिळलं असतं. टोपी घालूनही हत्ती चालवला असता. पण दोस्तांबरोबर खेळताना थांबायचं बटण नाही आणि हळू चालवायची सोय नाही. सगळे कोपरे धुंडाळले. एकट्यानं मशीनशी खेळत असाल तर दोन्ही आहे. माणसांशी खेळायचं तर नाही. माझं डोकंच फिरलं. त्या चौकटीत पहिलं तेच लिहिलं, की आमचा एक दोस्त आजारातून उठला आहे, त्याचा हात हळू चालतो, आम्ही चौघं राजी आहोत, तुमचं काय जातं? दोन दिवसांनी उत्तर आलं. सर्व खेळाडूंना समान संधी मिळावी म्हणून खेळाचा वेग एकच ठेवला आहे, आणि शेवटी हसरा चेहरा. समान संधी! त्या चेहऱ्याच्या कानाखाली काढावी वाटली.

इकडे तो रोज विचारून राह्यला होता. पोरीला हाताशी घेऊन त्यानं कॉम्प्युटरचं टेबल खिडकीपाशी सरकवून घेतलं होतं. दाढी केली होती. रविवारी दुपारी मी गेलो तर वहिनी म्हणाली, "सकाळपासून तुमचीच वाट पाहून राह्यले." ती त्याला 'अहो' म्हणते, पण चिडली की सगळं विसरते. त्या दुपारी ती चिडलेली नव्हती.

मी माझा लॅपटॉप त्याच्या बाजूला लावला. उमरखेड आणि पुणे फोनवर, स्पीकर चालू. दोघांना मी आधीच दम भरला होता की कोणी त्याच्यावर चालून जायचं नाही. त्यानं उजवा हात डाव्यानं उचलून माउसवर ठेवला. मी म्हटलं, "डाव्यानं खेळ ना बे, तो चालते तुझा."

"डाव्यानं जेवतो," तो म्हणाला. "हे उजव्यानं."

खेळ सुरू झाला आणि धावतच सुटला. त्याची माणसं गढीसमोर इकडून तिकडे पळत होती. तो माउसचा बाण एकाच्या अंगावर न्यायचा, बोट दाबेपर्यंत माणूस पुढे गेलेला. पुन्हा न्यायचा, पुन्हा माणूस पुढे. कपाळावर घाम. बोटं माउसवर टेकलेली होती, पण दाबली जात नव्हती. मी मदतीला हात पुढे केला तर त्यानं कोपरानं झिडकारला. पाचव्या-सहाव्या खेपेला त्यानं मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "थांब बे."

आणि आम्ही थांबलो! काय सांगू, इतकी वर्षं झाली, पण माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले. फोनमध्येही बटणांचा आवाज बंद झाला. पुण्यातल्या त्या शहाण्यानंसुद्धा हात वर घेतले होते, नंतर त्यानंच सांगितलं. बटणच नाही, हे तिघांच्याही ध्यानात राहिलं नाही. खेळ मात्र आपला धावतच होता. दोस्त सुखानं, सावकाश, बाण त्या लाकूडतोड्याकडे नेत होता. बोटभर अंतर राहिलं होतं.

तेवढ्यात त्याच्या पडद्यावर लाल पट्टी आली. इंग्रजीत लिहिलं होतं की हा खेळाडू बराच वेळ जागेवर नाही, म्हणून त्याला खेळातून काढलं आहे. बाण सरकतो ते त्यांच्या हिशेबात नाही, बटण दाबलं तरच माणूस आहे. आम्ही थांबेपर्यंत दाबत होतो; तो सुरुवातीपासून एकदाही दाबू शकला नव्हता, म्हणून पहिला नंबर त्याचा लागला. ती पट्टी सोडून त्याचा पडदा काळा झाला. माझ्या पडद्यावर त्याची गढी एका झटक्यात पुसली गेली.

फोनमधून उमरखेडवाला ओरडला, "अबे, हा कुठं गेला? उठून गेला काय?"

दोस्त ती ओळ वाचत होता. एकेक शब्दावर थांबून त्यानं ती पूर्ण वाचली. मी म्हटलं, "फालतू आहे बे हे, पुन्हा लावतो." त्यानं नाही म्हणून मान हलवली. हात अजून माउसवरच होता. पलीकडून पुन्हा आवाज आला, "हॅलो! आहे का तो?" त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, शब्द लवकर सापडेना. तोवर पलीकडचे दोघं आपसात बोलायला लागले होते.

मग तो माझ्याकडे वळला.

"सांग त्यायले," तो म्हणाला. "मी इथंच आहो म्हून."