कवळीवाल्याची बोट

कवळीवाल्याला सगळे कवळीवालाच म्हणत आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचे साचे त्याच्याकडे धाडत. तो त्यात प्लास्टर ओते, मेणात एकेक दात बसवी, घासूनपुसून कवळी तयार करी आणि डबीत घालून परत पाठवी. गावातली कितीतरी माणसं त्याच्या दातांनी जेवत होती, हसत होती, भांडत होती. त्यातल्या एकाचंही तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं. स्वभाव मुलखाचा अबोल. बायको म्हणायची, "लोकांची तोंडं भरता भरता यांनी स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलंय." ती कपड्यांच्या कारखान्यात तयार माल तपासायला जाई. तिथे दिवसभर यंत्रांचा एवढा खडखडाट की बोलायची सोय नाही, त्यामुळे दिवसभराचं सगळं ती संध्याकाळी घरी येऊन बोलून घेई.

एकुलती एक मुलगी बापावर गेली होती. शिकली, लांबच्या शहरात नोकरीला लागली, आणि नोकरी कसली, तर फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची! जिला घरात पाणी मागायचीही भीड, तिनं दिवसभर कानाला यंत्र लावून परक्या माणसांची बोलणी खायची. पण कंपनी मोठी होती. कवळीवाल्यानं कधी नव्हे ते तोंड उघडून प्रत्येक डॉक्टरला सांगितलं होतं, की आमची मुलगी मोठ्या कंपनीत आहे.

घरी तिचा फोन येई तेव्हा आई बोले आणि ती हुंकार देई. शेवटी आई म्हणे, "घे, बाबांशी बोल." मग "बरी आहेस ना?" "हो. तुम्ही?" "मी बरा." यापुढे दोघांचीही दातखीळ बसे. तो फोन बायकोच्या हातात परत देई आणि उगाचच खिडकीशी जाऊन उभा राही. वाईट त्यालाही वाटे. पण शब्द काही दुकानातून आणता येत नाहीत.

बापलेक खरे बोलत ते बोटीवर.

ही बोट म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक गेम. मुलगी शाळेत असताना तिनंच बापाला शिकवलेला. मालाची एक जुनाट आगबोट, भलीमोठी नदी, एकानं चाक सांभाळायचं आणि दुसऱ्यानं भट्टीत कोळसा घालायचा. चाकावर बाप, भट्टीवर लेक. ती नोकरीला गेल्यावरही दर रविवारी दुपारी दोघं आपापल्या घरून त्याच बोटीवर चढत. एका धक्क्यावरून पोती भरली की दुसरा धक्का येईपर्यंत नुसती नदी. हात कामात, डोळे समोर, कानात एकमेकांचा आवाज. अशा वेळी माणूस बोलून जातं. खोलीतली मैत्रीण सोडून गेली हे तिनं तिथेच सांगितलं. ताप आला होता तेव्हा आईला कळू दिलं नाही, हेही तिथेच. आणि दातांच्या रंगातला बारीक फरक हल्ली आपल्याला लवकर दिसत नाही, ही जी गोष्ट कवळीवाल्यानं बायकोपासूनही लपवली होती, ती त्यानं लेकीला एका वळणावर सहज सांगून टाकली. तिनं भट्टीत कोळसा टाकला आणि म्हणाली, "मग दिवा बदला ना बाबा." त्यानं बदलला. फरक पडला.

बोटीवर एक रीत होती. खोदून विचारायचं नाही. समोरचा बोलेल तेव्हा बोलेल.

आणि गेम बनवणाऱ्या कंपनीनं हा गेम बंद केला. म्हणजे अगदी बंद. नवा भाग येणार, त्यात नदीबरोबर समुद्रही असणार, म्हणून जुन्याचे सर्व्हर काढून टाकले. गेम कवळीवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये होता, पैसे मोजून घेतलेला होता, पण सर्व्हर नाही तर बोट नाही. एकट्यानं चालवायची म्हटली तरी नाही. अबोल माणूस, पण त्या दिवशी बायकोला त्यानं चांगलं सुनावलं, जणू काही कंपनी तिच्या माहेरची होती. "मी कवळी दिली की ती त्या माणसाची झाली ना? रोज सकाळी चहा प्यायच्या आधी त्यानं मला फोन करून विचारायचं, की आज दात वापरू का? आणि मी झोपलेलो असलो, की त्यानं दिवसभर बोळकं घेऊन बसायचं?"

"मला काय सांगता," बायको म्हणाली, "मी कुठे तुमची बोट बुडवली?"

पण त्याच्या जिवाला लागलेला घोर वेगळाच होता. जुन्या बोटीवरच्या शेवटच्या फेरीत लेक म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं." तेवढ्यात धक्का आला, दोर टाकायची घाई झाली, आणि बोट लागल्यावर ती म्हणाली, "राहू दे. नव्या गेममध्ये सांगते." त्यानं रीत पाळली, विचारलं नाही. आणि तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

बायकोचं मत पक्कं होतं. "कुणीतरी आवडला असणार. तुम्ही आपले चांगले कपडे धुऊन ठेवा." कवळीवाल्याला तसं वाटत नव्हतं. त्याला वाटत होतं, तिची कंपनी तिला आणखी लांब धाडणार. साता समुद्रापलीकडे, जिथे आपली दुपार म्हणजे तिची झोपायची वेळ. मग कसली बोट आणि कसलं काय. ती आनंदानं सांगेल आणि आपल्याला आनंदानं ऐकावं लागेल, याची तो मनातल्या मनात तयारीही करत होता. कवळ्या घासता घासता पुटपुटे, "वा, छान. छान झालं." जमत नसे.

नवा गेम कामाच्या दिवशी दुपारी सुरू व्हायचा होता. दोघांनी सुट्टी घ्यायची आणि सुरू झाल्या झाल्या भेटायचं, असं तिनंच ठरवलं होतं. कवळीवाल्यानं कारखान्याला, म्हणजे त्याच्या त्या एका खोलीला, कुलूप लावलं, बायको कामावर गेली होती, आणि जेवून तो कॉम्प्युटरसमोर बसला. घरात इंटरनेट यायचं ते त्याच्या फोनमधून. फोन जुना, खिडकीच्या एका कोपऱ्यात ठेवला तरच नेटपुरती रेंज मिळे, आणि कुणाचा फोन उचलला की नेट तुटे. लेकीला हे चांगलं ठाऊक होतं. बोट चालू असताना तिनं कधी म्हणजे कधी फोन केला नव्हता.

गेम उघडला. समुद्र दिसला, सूर्य दिसला, आणि मधोमध एक चौकोन आला: सर्व्हरवर गर्दी आहे, तुम्ही रांगेत आहात, तुमच्या पुढे एवढे हजार लोक. खाली बजावलं होतं, की संपर्क तुटला तर रांगेतली जागा जाईल.

तो बसला. आकडा हलेना. मग थोडा हलला. मग एकदम वाढला! पुढचे लोक वाढतात कसे, ही कसली रांग? मध्येच पडदा काळा झाला, "सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही" असं आलं, आणि पुन्हा सगळ्यात शेवटी जाऊन उभं राहावं लागलं. कवळीवाला दातओठ खात होता. महिनोन् महिने जाहिराती करता, माणसं येणार हे ठाऊक असतं, मग बसायला चटया नकोत अंथरायला? कोपऱ्यात तक्रारीसाठी एक खिडकी होती. ती उघडून त्यानं दोन बोटांनी टाइप करायला घेतलं. आयुष्यात कुणाला बोलला नसेल असं काय काय लिहिलं. पाठवायच्या आधी एकदा वाचलं आणि त्याला आपली लेक आठवली. हे वाचायला पलीकडे तिच्यासारखंच कुणीतरी बसलेलं असणार, आणि सर्व्हर काही त्या पोरीनं बंद पाडला नव्हता. त्यानं सगळं पुसलं आणि लिहिलं, "लवकर सुरू करा. घरचं माणूस वाट पाहतंय."

दुपार कलायला लागली तसा आकडा भराभर उतरू लागला. हजारांचे शेकडे झाले. त्याचा घसा कोरडा पडला, पण पाण्याला उठायचा धीर होईना.

आणि खिडकीत फोन वाजला. लेकीचा.

त्यानं चटकन हात लांब करून कापला. ही पोहोचली वाटतं आत, त्याच्या मनात आलं. विचारत असेल, बाबा कुठे राहिले. थांब बाई, आलोच. फोन पुन्हा वाजला. त्यानं पुन्हा कापला, जरा वैतागूनच. आता उचलला तर सगळी दुपार पाण्यात. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याच्यापुढे जेमतेम एका बसमध्ये मावतील एवढी माणसं उरली होती. त्यानं तोही कापला.

चौथ्यांदा वाजला नाही.

फोन गप्प झाला आणि तेव्हा कुठे कवळीवाल्याच्या डोक्यात उजेड पडला. फोन घेतला की आपलं नेट तुटतं हे तिला माहीत आहे. आजवर तिनं ही रीत मोडलेली नाही. दिवसभर फोन कानाला लावून बसणारी, फोनचं नाव काढलं तरी जिच्या कपाळावर आठ्या चढतात ती आपली पोर लागोपाठ तीनदा फोन करते, आणि आपण कापतो?

पडद्यावर "तुमची पाळी आली आहे" असं झळकत होतं आणि मागे भोंगा वाजत होता. त्यानं खिडकीतून फोन उचलला आणि तिला लावला. बोट गेली तिच्या वाटेनं.

"बाबा?"

"बोल गं."

पलीकडे गजबज होती, कुणीतरी मोठ्यानं गावांची नावं घेत होतं. कवळीवाल्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं विचारलं, "बरी आहेस ना?"

"हो," ती म्हणाली. आणि पुन्हा तीच शांतता, आयुष्यभराची. मग बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीतरी करत राहा ना. तुम्ही नुसते ऐकत उभे राहिलात की मला बोलता येत नाही."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मोरीत दुपारची भांडी पडली होती. त्यानं फोन स्पीकरवर टाकून फळीवर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि नळ सोडला.

"भांडी घासताय?"

"हो. हे पातेलं करपलंय. बोल तू."

तो पातेलं घासत राहिला आणि ती बोलत गेली. बोटीवर सांगायचं राहून गेलं होतं ते हेच. किती दिवस झाले, तिला फोनची घंटा झोपेतही ऐकू येत होती. जेवण जात नव्हतं. काल एका माणसानं तिला जे नाही ते बोलून घेतलं. तिनं रीतसर माफी मागितली, कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, आणि चालत्या कामातून उठून बाहेर आली. परत गेली नाही. सकाळी बॅग भरली आणि बसस्टँडवर येऊन बसली. गेमचं तर तिच्या ध्यानातही नव्हतं.

"मग गाडीत बसायचं ना," तो म्हणाला.

"तुम्हाला विचारल्याशिवाय कशी बसू? तुम्ही सगळ्यांना सांगितलंय, मोठ्या कंपनीत आहे म्हणून. शेवटी धीर करून फोन केला, तर तुम्ही कापला. परत केला, परत कापला. मला वाटलं, ऑफिसनं तुम्हाला कळवलंय आणि तुम्ही रागावलाय. गाडी समोर उभी होती बाबा. मी ती जाऊ दिली."

कवळीवाल्याच्या हातातली घासणी थांबली. लेक बॅग घेऊन बाकावर बसली आहे, समोर उभी असलेली गाडी बघते आहे, आणि बाप फोन कापतो आहे.

"रागावलो नव्हतो गं," तो कसंबसं म्हणाला. "रांगेत उभा होतो."

"कसल्या रांगेत?"

"त्या बोटीच्या. म्हटलं, तू आत वाट बघत असशील."

ती आधी हसली. खरंच हसली, लहानपणी हसायची तशी. मग हसता हसता आवाज फुटला आणि ती रडायला लागली, तिथे बसस्टँडवर, परक्या माणसांत. कवळीवाल्यानं तिला रडू दिलं. नळ मात्र त्यानं बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"पुढची गाडी कधी आहे?"

"लागेल आता. पण बाबा, तिकडे येऊन मी करू काय?"

"काही करू नकोस. झोप. खा. पुढचं पुढे बघू."

"आणि डॉक्टर लोकांनी विचारलं तर?"

"मीच सांगेन ना. म्हणेन, आली घरी. त्यात काय एवढं?" हे मात्र त्याला सहज जमलं, एकदाही घोकलेलं नसताना.

गाडी लागल्याचा गलका ऐकू आला. ती चढली, बॅग कुठे ठेवू म्हणून कुणाला तरी विचारलं, खिडकीजवळ जागा मिळाली असं सांगितलं. मग म्हणाली, "ठेवू का फोन?"

"राहू दे चालू," तो म्हणाला.

बायको कारखान्यातून आली तेव्हा मोरीतली भांडी लखलखत होती, कॉम्प्युटर कधीच झोपी गेला होता, आणि नवरा खिडकीशी खुर्ची ओढून, फोन चार्जरला लावून कानाशी धरून बसला होता. तोंडातून चकार शब्द नाही. फोनमधून नुसती इंजिनाची घरघर येत होती.

"अहो, कुणाशी बोलताय?" तिनं विचारलं.

त्यानं फोनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बोलत नाहीये. झोपलीये ती. घरी येतेय."