कावळा नसलेला मुलूख

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते बाज विणायचं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीपुढं, उन्हात. मी दोरी ओढायची, तिनं पायानं दाबून धरायची. माझ्या हातात जोर राहिला नव्हता. ती म्हणाली, "अवो, ओढा की नीट! का मला भुईवर टाकायचा बेत हाय?" मी म्हणालो, "लई बोलू नकोस, धर." एवढंच. त्यात गोड काही नाही, पण माझ्याकडे तेवढंच आहे. त्याच आठवड्यात तापानं ती गेली.

आम्हाला मूल नाही, म्हणून दहाव्याला पिंड मीच ठेवला, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी. झाडावर कावळे होते, पण खाली एक उतरेना. कावळा शिवला नाही तर गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं आपण धरतो. मग एकेकानं वचनं द्यायला सुरुवात केली. तिचा भाऊ म्हणाला, "आक्के, दाजींचं मी बघतो, तू जा." माझी बहीण म्हणाली, "वैनी, तुझी शेळी मी सांभाळते." मी म्हणालो, "काय पायजे ते सांग की गं." कावळा हलला नाही. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि म्हणाले, असंही चालतं. सगळे घरी गेले. मला मात्र ते चालेना. गवताच्या कावळ्यानं माझी बायको सुटली, हे माझ्या मनाला पटेना.

मग मी हट्ट धरला. रोज सकाळी भात शिजवून तळ्यावर न्यायचा आणि कावळा शिवेपर्यंत आपण अन्नाला तोंड लावायचं नाही. बाजूला दुसरे लोक आपापले पिंड ठेवायचे, त्यांवर कावळे तुटून पडायचे. माझ्याकडं फिरकत नव्हते. गुळाच्या चहावर दिवस काढत होतो. देवळाकडं तोंड करून सिद्धेश्वरालाही बोललो, "जल्मभर हात जोडले तुला, एक कावळा धाडायला होत न्हाय?" असं देवाला कुणी बोलू नये. मी बोललो.

एके दुपारी डोळ्यांपुढं अंधारी आली. पायरीवरून खाली पडणार तोच कुणीतरी दंड धरला. माझ्याच वयाचा म्हातारा, अंगात इंग्रजी कोट आणि पाय अनवाणी. तेलुगू माणूस, विणकरांच्या गल्लीत बहिणीकडं आलेला. काय झालं विचारलं, मी सांगितलं. तो हसला. मला राग आला.

"अण्णा, तू पिंडाला एवढा चिकटून बसतो, मग कावळा येणार कसा? तुला भितो तो."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मलाही हसू फुटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

"आन कावळ्याचं काय घेऊन बसला? मी जवानी काढली त्या मुलखात कावळाच न्हाय."

"कावळा नसलेला मुलूख कुटं असतोय व्हय?"

"डेमेरारा. समुद्रापार. ऊस तोडायला कंत्राटावर नेला होता मला."

मग तो बोलत बसला. तिकडं एक मोठं काळं गिधाड असतं, इंग्रज त्यालाच कावळा म्हणतो, पण ते भात खात नाही. त्याची बायको तिकडंच वारली. सरकार जाळू देत नसे, म्हणून पुरली. मळ्यावरचे हबशी शेजारी रात्रभर त्याच्या अंगणात बसले, कॉफी प्याले, गाणी म्हणाले. मेलेल्याच्या घराला एकटं सोडायचं नाही, ही त्यांची रीत. आपल्या लोकांनी तिथंही मरीआईचं देऊळ बांधलं होतं, दारात कडुलिंब लावला होता. तिथल्या पुजाऱ्यानं सांगितलं, भात पाण्यात सोड, मासे खातील.

मी विचारलं, "पण ती सुटली, हे तुला कसं कळलं?"

तो म्हणाला, "कळलं न्हाय. भात सोडला, हात धुतले, घरी गेलो. कळून घ्यायचं काम माझं न्हाय, अण्णा."

मी विचार करत बसलो. तिकडं गंगा नाही, कावळा नाही, चितासुद्धा नाही. त्याच्या बायकोचं देवानं काही अडवलं नसेल, तर माझ्या बायकोचं का अडवावं? मरीआई बोटीतून एवढ्या लांब आपल्या माणसांमागं गेली, आणि मी इथं तळ्याकाठी बसून देवाला वाट शिकवत होतो. त्या माणसाला सिद्धेश्वरानंच धाडलं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण मी पडत होतो आणि त्यानं धरलं, ह्याबद्दल देवाचे उपकार मानतो.

उठताना त्याला बायकोचं नाव विचारलं. "लक्षुम्मा," म्हणाला. "लई वर्सांत कुणी विचारलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भात केला, तळ्यावर नेला. एक मूठ माझ्या बायकोच्या नावानं पाण्यात सोडली, एक लक्षुम्माच्या. मासे वर आले की नाही ते बघत थांबलो नाही. हात धुतले, पायरीवर बसलो आणि उरलेला भात जेवलो. मीठ घालायचं राहिलं होतं.