थोमआत्याची मान, डेतकाकांची जीभ

हनोईतल्या बारांबद्दल आणि बिअरबद्दल डेतकाकांची मतं आमच्या सगळ्या गल्लीला पाठ आहेत. बर्फ घातलेली बिअर ही बिअर नाही, ते आजारी माणसाचं पेय आहे. जिथे गाणं बोलण्यापेक्षा मोठं, तिथे बिअरमध्ये काहीतरी लपवायचं असतं. गच्चीवरच्या बारमध्ये आपण बिअरचे नाही, लिफ्टचे पैसे देतो. एका गोऱ्याने दुसऱ्या गोऱ्याला सांगितलेल्या बारमध्ये पाय ठेवू नये. आणि शेवटचं, टेबलावर बोट आपटून: अख्ख्या शहरात बसण्यालायक जागा एकच, थोमची.

हे शेवटचं मत ऐकलं की थोमआत्या नाक मुरडते. ‘‘चौदा वर्षं इथेच बसलाय, जाणार कुठे? उठायला गेला की स्टूल मागे चिकटून येतं.’’ पण हे म्हणताना तिची मान कशी ताठ होते ते बघावं.

काकांचं खरं नाव डेझमंड. गल्लीने पहिल्याच आठवड्यात त्याची शेपटी छाटून डेत केलं. आमच्याकडे हाडं मोजता येतील अशा माणसाला डेत म्हणतात, आणि काकांचं पोट त्यांच्या आधी दुकानात शिरतं, तेव्हा नाव अगदी फिट्ट बसलं. इंग्लंडात त्यांचे वडील बिअरच्या कारखान्यात पिंपं धुवायचे. काका इकडे आले ते कुठल्याशा पुलाचे बोल्ट तपासायला. पूल झाला, बाकीचे गोरे गेले, काका राहिले. आता दर आठवड्याला गोऱ्यांच्या एका पेपरात बारांवर लिहितात आणि उरलेला वेळ तेच आम्हाला तोंडी ऐकवतात.

तेही आमच्या भाषेत. म्हणजे त्यांना तसं वाटतं. आमच्या भाषेत प्रत्येक शब्दाला सूर असतो आणि काकांचा सूर शब्दाच्या शेवटी जिन्यावरून पाय घसरल्यासारखा खाली येतो. ‘बिआ’ सपाट म्हटलं तर बिअर. घसरवलं तर टोफूची वडी. पहिल्या दिवशी त्यांनी ‘दोन बिआ’ मागितल्या. आत्याने टोफूच्या दोन वड्या तळून पुढे ठेवल्या. काकांनी मुकाट्याने खाल्ल्या आणि पुन्हा दोन मागितल्या. सहा वड्या झाल्यावर शेजारच्या स्टुलावरच्या तोआन आजोबांना राहवलं नाही. त्यांनी स्वतःचा पेला उचलून दाखवला, ‘‘हे पाहिजे काय रे, भाऊ?’’

थोमआत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी ती सरकारी बिअरच्या खिडकीमागे उभी राहिली. तेव्हा बिअर कुपनावर मिळायची, आणि लोक रांगेत आपल्या जागी वीट ठेवून कामाला जायचे. कुणाची वीट कुठली, हे आत्याला पाठ असायचं. पुढे एकतीस वर्षांपूर्वी तिने लाल नदीच्या बांधाखाली, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, स्वतःचं दुकान टाकलं. आठ बुटकी प्लास्टिकची स्टुलं, उकडलेले शेंगदाणे, भाजलेला सुका माकुल मासा, तळलेला टोफू. आता स्टुलं चाळीस आहेत, बाकी काही बदललेलं नाही. ताजी बिअर सकाळी येते, त्याच दिवशी संपते, संध्याकाळी सहाला फळ्या लागतात. सव्वासहाला राष्ट्राध्यक्ष आले तरी, असं ती म्हणते, त्यांना समोरच्या टपरीवर चहा मिळेल.

आणि एक नेम. नवं पिंप उघडलं की पहिला पेला तिचा. ती तो उभ्याने, रस्त्याकडे तोंड करून घेते. एक घोट. दुकान गप्प. मग मान हलते, आणि नळी ग्राहकांसाठी सुटते. ती मान न हलता आजवर कुणाच्या पेल्यात थेंब पडलेला नाही. आमच्या गल्लीत सोयरीक जुळवतानासुद्धा लोक म्हणतात, ‘‘मुलगा कसा आहे? थोमची मान हलेल असा आहे ना?’’

गेल्या जूनमधली गोष्ट. ऊन असं, की बांधावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. अशा उन्हात आत्याला सर्दी झाली. तिने कुणाला सांगितलं नाही. दुपारी तीनला दुसरं पिंप उघडलं, आत्याने रस्त्याकडे तोंड केलं, घोट घेतला, मान हलवली. दुकान खचाखच भरलेलं, आणि उकाड्यामुळे जो तो पेल्यात बर्फाचे खडे टाकून पीत होता.

तेवढ्यात डेतकाका आले. बसले. बिनबर्फाचा पेला घेतला. एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मग स्टुलासकट उठले, स्टूल सोडवलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘बिआ चुआऽऽ!’’

आता ‘चुआ’ सपाट म्हटलं की आंबट. पण काकांसारखं घसरवलं की देऊळ. आणि आमच्याकडे देवळातलं म्हणजे फुकटचं. देवळातली बिअर म्हणजे दुसरा कुणीतरी पाजतोय ती बिअर.

छप्पर उडेल असा आरडाओरडा झाला.

‘‘ऐकलंत का रे!’’ तोआन आजोबा ओरडले. हे रेल्वेतले निवृत्त सिग्नलवाले, आवाज अजून दोन स्टेशनं पार करतो. ‘‘डेत पाजतोय! चौदा वर्षांनी दगडाला पाझर फुटला!’’

‘‘मला तीन!’’ हा मोटारसायकली दुरुस्त करणारा हॉय. ‘‘आणि थांबा, मेव्हण्याला फोन लावतो!’’

काका दोन्ही हात हलवत, ‘‘नाही, नाही! बिआ चुआ! चुआ!’’

‘‘पुन्हा म्हणाला! म्हणजे माणशी दोन!’’

काकांनी शेवटी तोंड वेडंवाकडं करून पोटावर हात ठेवला.

‘‘बघा, बघा,’’ आजोबा म्हणाले, ‘‘पैसे जाणार म्हणून आत्तापासून पोटात दुखायला लागलं.’’

आत्या एका हातात दोन-दोन पेले धरून भरत होती. तिचा चेहरा फुललेला. ‘‘अरे, पुरे, ओरडू नकोस. समजलं आम्हाला. मन मोठं आहे हो माझ्या डेतचं.’’

मी कोपऱ्यात हसून लोळत होते आणि एकदम थांबले. काकांचा आवाज मी रोज काढते, त्यामुळे त्यांच्या पोतडीत कुठले शब्द आहेत ते मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक. देवळाचा शब्द त्यात नाही. कुणाला पाजायचं असलं की काका बोलत नाहीत, नुसतं बोट गोल फिरवतात. आंबट हा शब्द मात्र कैरी खाताना मीच शिकवलेला.

मी आत्याजवळ गेले. ‘‘आत्या, ते देऊळ म्हणत नाहीत. आंबट म्हणतायत.’’

‘‘काय आंबट?’’

‘‘बिअर.’’

आत्याच्या अंगठ्याने नळी दाबली. तिने काकांकडे बघितलं. काकांनी हळूच मान हलवली, दुसऱ्याच्या घरातला आरसा फोडल्यासारखी.

‘‘आंबट? छट्!’’ आजोबा म्हणाले. ‘‘मी चार प्यालो आत्तापर्यंत.’’

‘‘बर्फ घालून प्यालात,’’ मी म्हटलं.

आजोबांनी नवा पेला घेतला, बर्फाशिवाय, आणि ओठ लावला. त्यांचा चेहरा आक्रसला. ‘‘म्हणजे... आंबट अशी नाही. कुणीतरी लिंबू पिळल्यासारखी.’’

‘‘मला तर मस्त लागतेय,’’ हॉय म्हणाला.

‘‘तू ग्रीसच्या हाताने भात खातोस, तुला काय कळणार!’’

आत्याने स्वतःसाठी पेला भरला आणि घोट तोंडात धरला. सगळं दुकान तिच्याकडे बघत होतं. ती कुठल्याही बाजूने सुटू शकली असती. तिने नुसती मान हलवली असती तर आजोबासुद्धा आपली जीभ खोटी ठरवून मोकळे झाले असते.

‘‘मला काही कळत नाही,’’ ती म्हणाली. मोठ्याने. ‘‘सर्दी झालीय. सकाळपासून कसलीच चव नाही. पहिल्या पिंपाला मान हलवली ती खोटी. याला हलवली तीही खोटी.’’

हॉय चुळबुळला. ‘‘जाऊ दे, ताई. गाडीवाल्याचीच काहीतरी चूक असेल.’’

‘‘गाडीवाल्याने सातला आणली. मी आठला उठले. एक पिंप सावलीत होतं, हे उन्हात. गाडीवाल्याचं नाव घेऊ नकोस.’’

आणि तिने पिंप कलतं केलं, त्याचं तोंड उघडलं आणि बिअर गटारात ओतायला लागली.

‘‘अगं ताई, अर्ध्याहून जास्त आहे!’’ हॉय कळवळून उठला. ‘‘आम्ही बर्फ वाढवतो ना!’’

‘‘बर्फाखाली माझं खोटं झाकायचं?’’

हॉय बसला. फेस गटारातून गल्लीभर वाहत गेला. चहावाल्याचं कुत्रं आलं, एकदा चाटलं, शिंकलं आणि निघून गेलं.

पिंप रिकामं झाल्यावर आत्याने कंबर सरळ केली. ‘‘आज कुणीही पैसे काढायचे नाहीत. डेत बरोबर बोलला. आंबट म्हणाला तेही खरं, देवळातली म्हणाला तेही खरं.’’

काका बिचारे तिच्यामागे फळ्यांपर्यंत गेले. ‘‘थोम, मी लिहिणार नाही. पेपरात नाही.’’

‘‘का नाही? लिही. आंबट होती हे लिही आणि ओतली हेही लिही. माझं नाव नीट लिही. नाहीतर करशील त्याचाही टोफू.’’

काकांनी लिहिलं. मी वाचून दाखवलं, त्यांच्याच आवाजात: या शहरात वाईट बिअर मी शंभर ठिकाणी प्यालो, ती रस्त्यावर ओतणारी बाई एकाच ठिकाणी पाहिली. आत्याने तो तुकडा दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, ‘‘शंभर ठिकाणी कशाला गेला होता मेला?’’

पण ते पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वेगळाच पेच होता. पिंपं सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. माणसं स्टुलांवर. आणि आत्याचं नाक बंदच. चव नाही म्हणजे मान नाही, मान नाही म्हणजे बिअर नाही. ती पिंपाशेजारी हाताची घडी घालून उभी होती आणि गल्लीतला एकही जण बिअर मागत नव्हता. एकतीस वर्षांत प्रथमच दुकान उघडून बंद राहणार असं दिसत होतं.

मग ती मला म्हणाली, ‘‘जा, डेतला बोलव.’’

काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, लग्नाला निघाल्यासारखे. आत्याने पहिला पेला भरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. मोठ्या माणसाला देतात तसा. तोआन आजोबांनी तोंडातली विडी काढली.

‘‘माझी सर्दी जाईपर्यंत जीभ तुझी,’’ आत्या म्हणाली. ‘‘पण खोटं बोललास तर बघ.’’

काकांनी पेला दोन्ही हातांत घेतला. रस्त्याकडे तोंड केलं. घोट घेतला, डोळे मिटले आणि मिटूनच राहिले.

‘‘बोल बाबा,’’ आजोबा म्हणाले, ‘‘घसे वाळले.’’

छान म्हणायचा आमचा शब्द अगदी सपाट आहे. काकांनी तो चौदा वर्षांत एकदाही न घसरता म्हटलेला नव्हता. ‘‘ङोन,’’ ते म्हणाले. सपाट. बांधावरच्या रस्त्यासारखा. दुकानाने जो गलका केला तो ऐकून पलीकडच्या गल्लीतली माणसं धावत आली, त्यांना वाटलं पुन्हा फुकट आहे.

आत्याने नळी सोडली.

पाच दिवस काका रोज दहाला आले, रोज दुसरा शर्ट. सहाव्या दिवशी आत्याचं नाक मोकळं झालं. काका दारात आले तेव्हा ती माकुल भाजत होती आणि वास घेत होती. त्यांना कळलं. ते माघारी वळले.

‘‘कुठे निघालास?’’ आत्या म्हणाली. ‘‘पिंपं दोन आलीत. एक तुझं.’’