गोळ्यांचं बाळसं

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात होते. "तुझी ताई गेली गो..." एवढंच म्हणाले. न्यूमोनिया झाला होता. संधिवाताच्या औषधांनी अंगातली ताकद आधीच कमी झालेली, तिला तो पेलला नाही. महिना उलटून गेलाय. लोक भेटतात, "किती दुखणं सोसलं तिनं," म्हणतात. दुखणं सोसलंच, पण तिच्या मनाला लागायचं ते दुसरंच.

ताई माझ्याहून बरीच मोठी. भाट्याच्या पुलापलीकडे तिचं घर, मागे आंब्या-नारळाची बाग. चाळिशीत तिचे सांधे धरले. सकाळी बोटं मिटायची नाहीत, वेणी घालता यायची नाही. औषधं सुरू झाली तशी बोटं सुटली आणि बाकीचं सुरू झालं. आठवड्याच्या गोळीनंतरचा दिवस मळमळण्यात जायचा, तोंड सोलवटायचं, सोलकढीचा घोटही झोंबायचा. केस कंगव्यात यायचे. स्टिरॉइडनं चेहरा असा गरगरीत झाला, की जुन्या फोटोतली बाई कुणी दुसरीच वाटावी. आणि वाडीतल्या बायका कौतुक करायच्या, "काय गो, बाळसं धरलंस! यंदा आंबा बरा गेला वाटतं." ताई हसून घ्यायची. मला मात्र एकदा म्हणाली, "खरं सांगायची लाज वाटते, आणि न सांगायचीही..." हळूहळू तिनं हळदीकुंकवाला जाणं सोडलं. फोटो काढायची वेळ आली की ती स्वयंपाकघरात असायची.

मेधाचं, म्हणजे तिच्या लेकीचं, लग्न ठरलं आणि ताईनं कुणाला न सांगता स्टिरॉइडची गोळी बंद केली. तोंडावरची सूज उतरेल, व्याह्यांसमोर नीट उभं राहता येईल, एवढाच तिचा हिशोब. लग्न चारपाच दिवसांवर आलं असताना रुखवताचे लाडू डब्यात भरता भरता ती कोसळली. रक्तदाब पार खाली. "ही गोळी अशी एकदम तोडायची नसते," डॉक्टर म्हणाले, "आम्हीच ती हळूहळू उतरवतो. थोडक्यात वाचल्या." मेधा तिच्या उशाशी बसून रडत होती. "आई, तुझी लाज कुणाला वाटणार होती? मला?" ताईनं भिंतीकडे तोंड केलं.

लग्नात ती मांडवात खुर्चीवर बसली होती, मनगटावर सलाइनची पट्टी तशीच. विहीणबाई जवळ येऊन प्रेमानं म्हणाल्या, "तब्येत छान राखलीये हो तुम्ही." ताईचे कान लाल झाले. "तब्येत नाही, सूज आहे ती," ती म्हणाली. "संधिवाताच्या गोळ्यांची." विहीणबाईंनी खुर्ची ओढली, तिच्याशेजारी बसल्या आणि विचारलं, "फार दुखतं का हो?" तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं बहुतेक. ती पदरानं डोळे टिपत राहिली.

त्यानंतर तिची लाज गेली असं नाही. बाजारात जाताना विरळ केसांवर पदर यायचाच. पण ती सगळे त्रास डॉक्टरांना सांगू लागली. त्यांनी डोस बदलले, जोडीला दुसरी एक गोळी दिली, मळमळ कमी झाली. गोळी चुकवणं तिनं कायमचं थांबवलं.

गेल्या वर्षी माझी बोटं सुजली. तोच आजार निघाला. शाळेत मी थायरॉइड आहे म्हणून सांगते. खरं फक्त ताईला सांगितलं होतं. ती रागावली नाही. "सांग, नको सांगू, तुझी मर्जी. गोळी तेवढी तोडू नको."

परवा सकाळी तिच्या घरी गेले. भाऊजींनी ओटीवर घंगाळात ऊन पाणी आणून ठेवलं होतं. ताई रोज उठल्यावर त्यात हात बुडवून बसायची, बोटं सुटेपर्यंत. "सवय... रोज तापवतो," ते ओशाळून म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले. "मघाशी चहाचा कप दोन्ही हातांनी धरलास तू. घाल हात. पाणी निवतंय गो."

मी हात बुडवले. तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणाचं बेडं उघडून आत येताना दिसल्या. हात काढून पदराआड घ्यावेसे वाटले... काकू ओटीवर चढल्या, घंगाळाकडे बघून थबकल्या. मी हात पाण्यातच ठेवले.