उघडा ठेवलेला नळ

सांडू फिटर ज्या देशात जाऊन आला त्याचं नाव मी लिहिणार नाही. सांडूनं बजावून ठेवलंय. सुरुवातीला मला त्याचा रागच आला होता. म्हटलं, एवढ्या मोठ्या देशाला मुकुंदवाडीच्या गल्लीतला मी काय धक्का लावणार? आता राग येत नाही.

सांडू माझा शेजारी. आमचे दोघांचे नळ एकाच लाइनीवर, त्यामुळे भांडणंही एकत्र आणि पाण्याची वाटही एकत्र. माणूस अबोल, पण कापसातली सरकी काढायचं जिनिंगचं मशीन म्हणजे त्याच्या हातचं खेळणं. सिल्लोडकडच्या निम्म्या जिनिंगमध्ये त्यानं रोलर बसवलेत. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं त्या वर्षी इकडे कापूसच आला नाही, जिनिंगला कुलपं लागली, आणि त्याच्या कंपनीनं चार मशिनी परदेशात विकल्या. तो देश वाळवंटाचा, पण कापूस पिकवणारा. बाहेरच्या माणसाला दार सहसा उघडत नाही. मशीन बसवायला फिटर हवा, म्हणून सांडूला व्हिसा मिळाला.

गल्लीला हसू आवरेना. सिल्लोडच्या पलीकडे मुक्काम न केलेला माणूस विमानात बसणार! पण सांडू त्या दिवसापासून जेवेना. कंपनीच्या साहेबानं त्याला बसवून सगळं सांगितलं होतं. हॉटेल सरकार ठरवील तेच. पासपोर्ट काउंटरवर जमा. सोबत दुभाषी असेल, त्याच्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. फोन इथूनच रिकामा करून न्यायचा, तिथून घरी लागेलच असं नाही. आणि त्यांच्या नेत्याची तसबीर जिथं दिसेल तिथं नीट उभं राहायचं.

पोरगा सुयश नेटवरून वाचून त्यात भर घालायचा. "पप्पा, पेपरची घडी घालू नका, त्यात त्यांच्या नेत्याचा फोटो असतो." मालनबाईंनी चपला जुन्या पेपरात गुंडाळून बॅगेत ठेवल्या होत्या, त्या घाबरून बाहेर काढल्या आणि ओढणीत बांधल्या. तिथं चालेल न चालेल म्हणून खोकल्याचं औषध काढलं. बीपीच्या गोळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी जोडली. सांडूच्या खिशात बाबासाहेबांचा छोटा फोटो कायम असतो. तोही त्यानं बायकोच्या हातात दिला.

"ह्यो कशाला काढता?" मालनबाई म्हणाल्या.

"तिथं दुसऱ्या कुणाचा फोटो चालंल का नाय, कुणाला ठाव? तू ठेव."

एवढी तयारी केली. हातून राहिलं ते कुणाच्या डोक्यातच आलं नसतं.

तो तिथं सकाळी पोचला. दुभाषी म्हणजे एक पोरगी होती, आपल्या सुलेखाच्या वयाची, असं तो सांगतो. सुलेखा त्याची थोरली. ही पोरगी तिकडेच हिंदी शिकलेली, पुस्तकातल्यासारखी बोलायची. काउंटरवर पासपोर्ट गेला. खोली ही मोठी, जाड गालिचा, झुंबर, न्हाणीत पांढरा टब. आणि नळ कोरडा.

"पानी बाद में आएगा," ती म्हणाली. "आप आराम कीजिए."

आता आमच्याकडे त्या वर्षी पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही महापालिकेच्या मनाला येईल तेव्हा. शहर चिकलठाण्याच्या पुढं पळत सुटलं, पाणी मात्र जागच्या जागी. म्हणून गल्लीत सगळे नळ उघडे ठेवतात. खाली रिकामा ड्रम लावायचा आणि झोपायचं. ड्रमात धार पडली की आवाजानं अख्खी गल्ली उठते. नळ बंद ठेवणारा आमच्यात वेडा समजला जातो.

सांडूनं टबाला बूच लावलं, तोटी पूर्ण सोडली आणि पाठ टेकली. दोन रात्रींचा जागलेला. पण टब काही पत्र्याचा ड्रम नव्हता, आणि न्हाणीचं दार जाड होतं.

दार बडवल्याच्या आवाजानं तो उठला. पाय खाली टाकला तर गालिच्यात पाणी.

"खरं सांगू भाऊ?" तो मला म्हणाला. "पयले लई आनंद झाला. म्हणलं, आलं पाणी!"

मग दारातले गणवेश दिसले.

त्याला खालच्या मजल्यावर नेलं. तिथं जेवणाचा हॉल. भिंतीवर नेत्याची भली मोठी तसबीर, आणि छतातून पाणी झिरपून तिच्या तोंडावरून ओघळत होतं. रंग सुटून गळ्यापर्यंत आला होता. हॉटेलची माणसं भिंतीला लागून उभी. कोणी पुसत नव्हतं, कारण हात लावायची कुणाची हिंमत नव्हती.

सांडूला वाटलं, आपल्या चौकात बाबासाहेबांच्या फोटोवर कुणी असं पाणी सोडलं असतं, तर आपण त्या माणसाला सोडला असता का? फोटो म्हणजे काय असतं हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मालन, पोरं, घर, सगळं संपलं असं त्याला वाटलं, आणि पासपोर्ट तर आधीच त्यांच्याकडे होता.

अधिकाऱ्यानं विचारलं, पोरीनं हिंदीत सांगितलं, "पानी नहीं था, तो नल क्यों खोला?"

सांडूनं मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. मुकुंदवाडी, ड्रम, आठवड्याचं पाणी. ती ऐकत राहिली. मग अधिकाऱ्याकडे वळून बराच वेळ बोलली. त्या बोलण्यात सांडूला स्वतःचं नाव एकदाही ऐकू आलं नाही. त्याच्या एवढंच लक्षात आलं की अधिकारी आता त्याच्याकडे बघायचा थांबलाय आणि फक्त तिच्याकडे बघतोय.

ती परत त्याच्याकडे वळली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"कमरे में जाइए. आप सो रहे थे. नल मैंने खोला था. समझे?"

"व्हय," सांडू म्हणाला. भीतीनं त्याला हिंदीसुद्धा सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत एक पुरुष बसला होता, चष्मेवाला. तोही हिंदी बोलायचा. सांडूनं धीर करून विचारलं, "कल वाली मॅडम?"

"कल भी मैं ही था," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

हॉलमध्ये नवी तसबीर लागली होती. भिंत कोरडी होती. नंतर कोणी त्या गोष्टीचा शब्द काढला नाही, आणि तेच त्याला सगळ्यात भयंकर वाटलं. मशिनी कशा बसवल्या हे त्याला आठवत नाही. निघताना काउंटरवरून पासपोर्ट निमूट हातात आला.

घरी आला तेव्हा मालनबाईंनी खीर केली, गल्लीनं थट्टा केली, विमानात काय खाल्लं विचारलं. सांडूनं बाबासाहेबांचा फोटो मागून घेतला आणि खिशात ठेवला, दुसरं काही नाही. पण पाण्याच्या दिवशी मी बघितलं, याचा नळ बंद. बादली पालथी घालून हा तिच्यावर बसलेला, हात तोटीवर. तासन्‌तास. झोपेनं मान कलायची, तरी तोटी सोडायचा नाही.

"अरे येड्या, उघडा ठेव ना," मी खेकसलो. "पाणी येऊन गेलं तरी तुला कळायचं नाही."

पुढं कितीतरी पाण्याच्या दिवसांनंतर, त्याच बादलीवर बसून, त्यानं मला हे सगळं सांगितलं.

"तिचं नाव काय होतं, सांडू?"

"ठाव हाय," तो म्हणाला. "पण तुमाला नाय सांगत, भाऊ. तुमी लिहिता. देशाचंबी नाव लिहू नका. ती तिथंच आसंल अजून. आसली तर."