पाटीच्या पुढचं पाणी

एका जागी बसणं सुदेश पालांडेला कधी जमलं नाही, आणि देवाने पोटापाण्याला दिलं काय, तर ड्रायव्हरची सीट. अजमानच्या खोलीतून उजाडताच निघायचं, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास अडकायचं आणि दुबईत पाहुण्यांना या हॉटेलातून त्या हॉटेलात पोचवायचं, असं चौदा वर्षं चाललं होतं. गाडी थांबली की त्याची बोटं स्टिअरिंगवर ताल धरायची. खोलीतला जोडीदार दगडू, शटरिंगचा सुतार, साताऱ्याकडचा गडी, त्याला म्हणायचा, "पायाला भिंगरी हाय तुझ्या, आन् बसवलाय तुला गाडीत!"

वर्षातला एक आठवडा मात्र सुदेशचा खरा. फेब्रुवारीत अमिरातीत सायकलींची मोठी शर्यत होते. सुदेशच्या कंपनीची व्हॅन एका स्पॅनिश संघाला जायची, आणि व्हॅनबरोबर सुदेश. त्या संघात इबान लासार्ते नावाचा एक सायकलपटू होता. उंच, काटकुळा, तिशीचा, भुवईवर टाक्यांची जुनी खूण. मागच्या सीटवर त्याला मळमळायचं, म्हणून दुबई मरीनाच्या हॉटेलातून निघताना तो कायम पुढे, सुदेशच्या शेजारी बसायचा. पहिल्या दिवशी घशाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, "एसी नो, प्लीज." त्यानंतर चार वर्षं, इबान बसायच्या आधी त्याच्या बाजूची एसीची जाळी सुदेश आठवणीने बंद करून ठेवी. दोघांचं संभाषण त्यापुढे फारसं गेलं नाही. इबान त्याला "सूदेस" म्हणायचा, आणि उतरताना त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचा.

पण सुदेशने त्याची सगळी कुंडली फोनवर काढली होती. डोंगरातल्या गावात बापाच्या गाई. दूध घालायला जाताना सायकल. बाविसाव्या वर्षी व्यावसायिक झाला. हाड तीनदा मोडलं. दोनदा दुसरा आला, पाचदा तिसरा. पहिला एकदाही नाही. नऊ वर्षांत एकही विजय नाही, हे वाचून सुदेशला आपल्याच घरातलं कुणी दहावीला पुन्हा पुन्हा बसल्यासारखं वाईट वाटलं होतं.

चौथ्या वर्षी इबानच्या नशिबाने जरा मान वर केली. शेवटच्या दोन दिवसांवर शर्यत आली तेव्हा तो एकूण वेळेत तिसरा होता. त्या दिवशी अल ऐनजवळच्या जबल हफीतचा चढ होता, आणि संघाशी त्याचा करार त्याच वर्षी संपत होता. संघाचा मालीशवाला नाचो सकाळी सुदेशला म्हणाला, "टुडे गुड, नेक्स्ट इयर जॉब. टुडे नो गुड, खलास." सुदेशने बाप्पाला हात जोडले.

नियम सुदेशला तोंडपाठ होता. शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये सायकलपटूला कुणी काही द्यायचं नाही. रस्त्याच्या कडेला तशी पाटी असते. पाटीच्या अलीकडे खाणं-पाणी द्या, पलीकडे दिलंत की त्याच्या वेळेत वीस सेकंद वाढवतात. नाचो पाटीच्या अलीकडे पिशव्या घेऊन उभा होता. सुदेशचं काम पलीकडे चारशे पावलांवर व्हॅन लावून थांबायचं, एवढंच.

ऊन मी म्हणत होतं. वाळूचा वारा सुटलेला. घोळका आला, रेटारेटी झाली, इबान रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला अडकला आणि नाचोची पिशवी नाचोच्या हातात राहिली. अर्ध्या मिनिटात इबान सुदेशसमोर आला. ओठांवर पांढरी साय, डोळे लाल. सुदेशच्या हातात स्वतःची, अर्धी प्यालेली बाटली होती.

लांज्याला सुदेशच्या घरी ओटीवर तांब्या कायम भरलेला असे. वाटसरू असो की पोस्टमन, आधी पाणी, मग कोण-कुठला. बापाने लेकाला चोप दिला होता तो एकदाच, दारात पाणी मागायला आलेल्या माणसाला आत जाऊन विचारून येतो म्हणाला म्हणून. त्यामुळे इबानसमोर सुदेशचा हात विचारायला थांबला नाही. बाटली गेली. मागून येणाऱ्या मोटरसायकलवरच्या पंचाने वहीत काहीतरी टिपलं.

इबान डोंगर चढला तो जिवाच्या करारावर. एकूण वेळेत दुसऱ्या जागेवर आला. एक तासभर तो दुसरा होता. मग पंचांचा कागद आला: वीस सेकंद. दुसऱ्याचा सहावा झाला.

सुदेशला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच त्याला सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर इबान शेजारी डोळे मिटून बसला, हॉटेलशी उतरला आणि गेला. त्या दिवशी खांद्यावर बोटं टेकली नाहीत.

फोनवर संजना, त्याची बायको, म्हणाली, "अहो, तहानलेल्याला काय नाही म्हणायचं?"

"अगं, म्हणायचं! तिथे म्हणायचं! एका माणसाची भाकरी घालवली मी."

त्यानंतर सुदेशला चैन म्हणून पडेना. जेवता जेवता उठायचा. सिग्नलला फोन काढायचा आणि इबान कुठे कितवा आला ते बघायचा. एप्रिलमध्ये एकेचाळिसावा. जूनमध्ये पडला, मनगट मोडलं. सप्टेंबरमध्ये बातमी आली, संघाने करार वाढवला नाही. नोव्हेंबरमध्ये एका लहानशा संघाने घेतलं, पण कशाला, तर मागच्या गाडीतून बाटल्या घेऊन पुढच्या पोरांना नेऊन द्यायला.

"म्हंजी पाणक्या केला की त्याला," दगडू म्हणाला, आणि सुदेशचा चेहरा बघून लगेच सारवासारव करायला लागला. "आरं, वीस सेकंदांनी कुणाचं आयुष्य जात न्हाई."

"त्याचं गेलं."

पुढच्या फेब्रुवारीत इबानचा नवा संघ शर्यतीला आला, पण व्हॅन भलत्याच संघाला गेली. जबल हफीतच्या दिवशी सुदेशने रजा टाकली, एकापाठोपाठ एक बस बदलत अल ऐन गाठलं, आणि पाटीच्या पलीकडे, बरोबर चारशे पावलांवर जाऊन उभा राहिला. कशाला आलो, हे त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. माफी मागायची होती. त्यासाठी स्पॅनिश शब्द फोनवर पन्नासदा ऐकून पाठ केला होता. पिशवीत पाण्याची बाटली होती, पण ती स्वतःसाठी, असं त्याने मनाशी बजावलं होतं.

पुढचे आले, गेले. मोठा घोळका गेला. इबान नाही. मागे पडलेल्यांचा जथा गेला, त्यातही नाही. सुदेश येरझाऱ्या घालू लागला. पडला की काय? लोक पांगायला लागले.

मग तो आला. एकटा, सगळ्यांच्या मागे. दिवसभर दुसऱ्यांना पाणी वाहून आता स्वतःच्या सायकलवरच्या बाटल्यांच्या दोन्ही जागा रिकाम्या. पाठीमागे पंचाची मोटरसायकल, रेंगाळत.

सुदेशने बाटली पाठीमागे लपवली. दोन्ही हातांनी ती आवळून धरली. वर्षभर घोकलेला शब्द ऐन वेळी गेला कुठे कोण जाणे.

इबानने त्याला पाहिलं. ब्रेक दाबले. एक पाय रस्त्यावर टेकला आणि हात पुढे केला.

"नो, नो! रूल! ट्वेंटी सेकंड!" सुदेश ओरडला. त्याने पाटीकडे बोट दाखवलं, पंचाकडे दाखवलं. इबान हात तसाच धरून उभा. शेवटी सुदेशने बाटली दिली.

इबान सावकाश प्यायला. शेवटचा घोट डोक्यावर ओतला. पंच वही काढून लिहीत होता. इबानने त्यालाही मान डोलावून दाखवली, लिही म्हणून. मग स्वतःचा उजवा हात सुदेशच्या तोंडासमोर धरला.

"लास्ट इयर," तो म्हणाला. "फर्स्ट, माय हँड. देन युअर बॉटल."

सुदेशला आठवेना. वर्षभर त्याला फक्त स्वतःचा हात दिसत आला होता. त्याच्याही आधी एक हात रस्त्यावरून पुढे आला होता काय?

दोन बोटं खांद्यावर टेकली. इबान सायकलवर चढला आणि डोंगराला लागला.

परतीच्या बसमध्ये सुदेशने निकाल उघडला. सगळ्यात शेवटचं नाव, त्यापुढे वाढवलेले वीस सेकंद. त्याने त्या पानाचा फोटो काढून संजनाला पाठवला. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिने फोन केला तेव्हा बस शारजाच्या ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलाने सरकत होती, आणि सुदेश खिडकीला डोकं लावून गाढ झोपला होता.